भिंतीमागची जाळरेषा

रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड नर आहे की मादी, हे ते फुलल्याशिवाय कळत नाही, आणि बी रुजवून लावलेल्या झाडाला फुलायला सात-आठ वर्षं तरी लागतात. हे मला ताईने सांगितलं. ती तेव्हा आजारी होती. बोरीवलीच्या आमच्या घराच्या खिडकीला बाहेरून जी जाळी आहे, तिच्यावर तिने श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात गावाहून आलेल्या रातांब्याच्या बिया पेरल्या होत्या. त्यातली एकच रुजली.

"नर निघाला तर आमसुलाचं नाव नको," ती म्हणाली. "नुसता उभा राहील मेला. तरी पाणी घालायचं हां, सांगून ठेवते."

सात-आठ वर्षं, हे ती अगदी सहज बोलून गेली. मी पुस्तकातून मान वर केली नाही. केली असती तर तिला माझा चेहरा दिसला असता.

आम्ही दोघी बहिणी. वडील कोकणातून गिरणीत आले, गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते करत राहिले. आई गेल्यावर घर ताईनेच चालवलं. ती टपाल कार्यालयात खिडकीवर बसायची. लग्न तिने केलं नाही, मीही केलं नाही. दोघींची कारणं वेगळी होती आणि ती आम्ही एकमेकींना कधी विचारली नाहीत. मी अंधेरीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. उपग्रहाने टिपलेल्या चित्रांवरून जमिनीचं काय चाललंय ते वाचणं, हा माझा विषय. ताईला या विषयाबद्दल फारसा आदर नव्हता. मे महिन्यात ती गच्चीवर जुन्या साडीवर आमसुलं वाळत घालायची आणि कावळे हाकलत बसायची. एकदा तिने वर बोट दाखवून विचारलं, "तुझ्या त्या उपग्रहाला ही दिसतात का गं?"

मी तिला नीट समजावून सांगितलं. आम्ही वापरतो त्या चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकडा. त्यात गच्ची, पाण्याची टाकी, साडी, आमसुलं आणि तू, सगळं मिसळून एकच रंग येतो.

"म्हणजे मी दिसत नाही."

"नाही."

"एवढा खर्च करून वर पाठवलाय आणि खाली उभी असलेली बाई दिसत नाही? झकास!" मग कावळ्याला, "तुला दिसतात ना रे बरोबर? तूच जा त्यांच्याकडे नोकरीला."

ती गेली ते पावसाळा संपता संपता. शेवटच्या आठवड्यांत तिने दोनच गोष्टी सांगितल्या. एक, तिचे चष्मे कुणाला तरी द्यावेत, चांगले आहेत. दुसरी राखेबद्दल. "समुद्रात टाकू नकोस. लहानपणी खारदांड्याला मावशीकडे गेले होते तेव्हा बुडता बुडता वाचलेय. मेल्यावर परत तेच कशाला? भिंतीमागे लाव. माझा रातांबा आहे तो लाव."

भिंतीमागे म्हणजे कुठे, हे आमच्या सोसायटीत कुणाला विचारावं लागत नाही. आमच्या इमारतींच्या मागे कंपाउंडची भिंत आहे, आणि तिच्यापलीकडे नॅशनल पार्कचं रान सुरू होण्याआधी जमिनीची एक लांबट पट्टी आहे. ती अर्धी आपली, अर्धी वनखात्याची, असं सगळेच म्हणतात. नेमकी किती कुणाची ते कुणी मोजलेलं नाही. भिंतीला एक लोखंडी दार आहे. तळमजल्यावरचे काका, मालवणकडचे, आता बरेच म्हातारे झालेत. त्यांचा मुलगा अपघातात गेला, तेव्हा त्यांनी त्याची राख त्या दाराबाहेर खड्ड्यात घालून वर कडुनिंब लावला. कडुनिंब जगला. पुढे कुणी गेलं की घरची माणसं अस्थी नदीला किंवा समुद्रात नेत आणि राख मात्र भिंतीमागे आणून तिच्यावर एखादं रोप लावत. जांभूळ आलं, बकुळ आली, गुजराती आजोबांचा आसोपालव आला. चौथ्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याची लहान मुलगी तापाने गेली, तिचा सोनचाफा आला. कुणी ठरवून बाग केली नव्हती. झाली.

आमचा रातांबा त्यातला सगळ्यात नवा. खड्डा काकांनी खणून दिला. रोप माझ्या गुडघ्याएवढंही नव्हतं. कोवळी पानं तांबडी, जुनी काळपट हिरवी. रातांब्याला लहानपणी सावली लागते आणि हा उतार पश्चिमेकडचा, दुपारनंतर नुसता तापतो. मी जुन्या साडीचा तुकडा चार काठ्यांना बांधून त्याच्यावर सावली केली. ती आमसुलांचीच साडी होती. तिच्यावर डाग होते.

त्या पट्टीत गवत कंबरेइतकं वाढायचं. फार पूर्वी सोसायटीचा माळी विळा घेऊन तिथे गेला होता, तेव्हा कुणाच्या तरी सुनेने खिडकीतून आरडाओरडा केला, "अरे ए, तिथे विळा नको लावूस! आमचे सासरे आहेत तिथे!" लोक हसले, पण म्हणणं सगळ्यांना पटलं. राख ज्या मातीत मिसळली आहे तिथलं काही कापायचं नाही, उपटायचं नाही, असा नियम होऊन गेला. आपापल्या झाडापर्यंत जाणारी पायवाट तेवढी सगळे जपत. बाकी गवत वाढे, माघात पिवळं पडे, फाल्गुनात पाऊल टाकलं की करकरे. त्याच गवतात काका रोज सूर्य मावळायच्या आधी पणती लावून येत. आधी, कारण नंतर बिबट्याची वेळ. इतर जण तिथीला, दिवाळीला, सर्वपित्रीला लावत. मीही महिन्याच्या महिन्याला उदबत्ती लावायचे आणि ती विझायची वाट न बघता परत यायचे.

ताई गेली त्याच हिवाळ्यात आमच्या विभागाकडे एक काम आलं. पार्कच्या कडेने उन्हाळ्यात आगी लागतात. कुठे लागण्याचा धोका जास्त आहे, याचा नकाशा वनखात्याला हवा होता. म्हणजे त्याप्रमाणे त्यांना जाळरेषा काढता आल्या असत्या. जाळरेषा म्हणजे उन्हाळा लागायच्या आधी गवत-पाला कापून, तिथेच देखरेखीखाली जाळून मोकळा केलेला पट्टा. खरी आग आली तर तिला तिथे खायला काही मिळू नये, म्हणून. मी काम घेतलं. घरी बसून काय करणार होते? ताईचा डबा भरायची सवय मोडत नव्हती. सकाळी दोन डबे काढायचे आणि एक परत ठेवायचे.

काम मी आणि माझी एक सहकारी, दोघींनी केलं. ती चंद्रपूरकडच्या बौद्ध कुटुंबातली. वडील नोकरीसाठी मुंबईला आले तोवरचं लहानपण तिचं रानालगतच्या गावात गेलं. बोलायला सडेतोड. मी दिवसभर गप्प राहिले तरी तिला चालतं, हे तिच्याबरोबर काम करण्याचं एक सुख.

असा नकाशा एका चित्रातून निघत नाही. एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे थर असतात. एक थर उताराचा, कारण आग उतारावर वरच्या बाजूला जोरात धावते. एक थर उतार कोणत्या दिशेला तोंड करून आहे त्याचा. एक गवत-पाल्याच्या कोरडेपणाचा. हिरवं पान डोळ्यांना न दिसणारा प्रकाश भरपूर परत पाठवतं आणि वाळत जाईल तसं कमी पाठवतं, ते वरून मोजता येतं. मग पायवाटांपासूनचं अंतर, वस्तीपासूनचं अंतर, पूर्वी जळालेल्या जागा. यातल्या कुठल्या थराला किती भार द्यायचा, हे यंत्र ठरवत नाही. ते माणसांनी बसून, वाद घालून ठरवायचं असतं. मी कोरडेपणाला सगळ्यात जास्त भार द्यावा म्हणत होते. ती वस्तीवर अडून बसली.

"जंगल आपोआप नाही गं पेटत," ती म्हणाली. "आमच्याकडे मोहाच्या झाडाखाली पाला पेटवायचे, फुलं वेचायला सोपं जावं म्हणून. जंगल जाळायचं कुणाच्याच मनात नसायचं. तरी जळायचं ना? माणूस जिथे रोज जातो तिथे आग लागते. दे भार."

मी दिला. पटलं म्हणून दिला. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ट्रेकिंगला येणारी मुलं होती, शेकोट्या होत्या, विड्या होत्या. भिंतीमागची पट्टी माझ्या मनातही आली नाही.

सगळे थर जुळवून पहिला नकाशा पडद्यावर उतरला तेव्हा डोंगराचा वरचा भाग बराचसा हिरवा-पिवळा होता आणि पायथ्याशी नारिंगी. काही ठिकाणी लाल. मी सवयीने आधी आमची इमारत शोधली. नकाशा बघणारा प्रत्येक माणूस आधी आपलं घर शोधतो. इमारत सापडली आणि तिच्या मागे, भिंतीला चिकटून, लाल पट्टी. पश्चिम उतार, वाळकं गवत, पायवाटा, वस्ती, सगळ्याच थरांनी एकाच जागेवर बोट ठेवलं होतं.

"हे काय आहे गं इथे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "जाऊन बघावं लागेल."

प्रत्यक्ष जाऊन बघणं हा कामाचाच भाग असतो. पडद्यावरचं लाल जमिनीवर खरंच आहे का, हे तपासावं लागतं. आम्ही दोघी एका सकाळी त्या लोखंडी दारातून पलीकडे गेलो. तिला मी आधी काही सांगितलं नव्हतं. गवत करकरत होतं. कडुनिंबाच्या बुंध्याशी विटांचा आडोसा करून काकांची पणती होती, वरच्या विटा काळ्या पडलेल्या. जांभळाखाली उदबत्त्यांच्या काड्यांचा झुबका. वाळलेले हार, नारळाच्या शेंड्या, तेलाची बाटली, एका झाडाला गुंडाळलेली प्लास्टिकची फुलं. बकुळीच्या पायथ्याशी गवताचा टीचभर तुकडा करपलेला होता. कधीतरी पेटून आपोआप विझलेला.

ती त्या करपलेल्या तुकड्याशी उकिडवी बसली. "बघितलंस? तुमच्या सोसायटीचे लोक वाट लावणार स्वतःची. कुणी सांगितलंय इथे दिवे लावायला?" मग तिला साडीचा तुकडा बांधलेलं रोप दिसलं. तिने ते लांबूनच बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. माझी ताई तिने दोनदा पाहिली होती, तिच्या हातचं आमसुलाचं तिवळ प्यायली होती. ती उठली आणि पदराने घाम पुसत म्हणाली, "चल. ऊन झालं."

बाहेर पडताना एवढंच बोलली, "भार बदलायचा का, तू सांग. मी सही करेन."

मी म्हटलं, "तू सांगितलास तो भार बरोबरच होता."

नकाशा वनखात्याकडे गेला. सोसायटीच्या फलकावर त्याची रंगीत प्रत लागली, खाली वनखात्याची सूचना: भिंतीलगत जाळरेषा काढण्यात येईल. पूर्ण वाढलेली झाडं राहतील. त्यांच्या खालच्या फांद्या तोडल्या जातील. माणसाच्या उंचीपेक्षा लहान रोपं, झुडपं आणि गवत काढून पट्टा जाळून साफ केला जाईल. दिवे, उदबत्त्या बंद. मी ती सूचना सगळ्यांबरोबर उभी राहून वाचली. कडुनिंब राहणार होता, जांभूळ राहणार होतं, आसोपालवही. जे आधी गेले त्यांची झाडं मोठी झाली होती. जे नुकते गेले त्यांची नव्हती.

नकाशा कुणी काढला हे लपून राहण्यासारखं नव्हतं. लिफ्टमध्ये एक बाई दुसरीला म्हणाली, "शिकलेल्या आहेत ना त्या. स्वतःच्या बहिणीचं झाड असून लाल केलं म्हणे." मी तिथेच उभी होते. माझा मजला येईपर्यंत तिघीही दाराकडे बघत राहिलो.

काका संध्याकाळी घरी आले. पणतीची वेळ टळून गेली होती. मी चहा ठेवते म्हटलं तर हाताने नको म्हणाले. खुर्चीवर न बसता ताईच्या पलंगाच्या कडेवर बसले.

"ह्या लाल तूच केलंस मां?"

"काका, रंग मी नाही ठरवत."

"मग कोणी ठरवल्यान? उपग्रहान?" ते हसले नाहीत. "तुझी बहीण थंय आसा. माझो झील थंय आसा. आणि तू सरकाराक सांगतंस, हय आग लागतली?"

"बकुळीखाली पेटलं होतं काका. तुम्ही बघितलंत का?"

त्यांनी बघितलं होतं. विझवलंही त्यांनीच होतं, चपलेने. हे त्यांनी त्या वेळी सांगितलं नाही, नंतर कधीतरी सांगितलं.

"हिरवो कर तो तुकडो," ते हळू आवाजात म्हणाले. "केवढो तो! कोणाक कळता?"

खिडकीतून खालच्या लहान मुलांचा क्रिकेटचा आवाज येत होता आणि चेंडू मागच्या भिंतीला लागला की "आऊट, आऊट" असा कल्ला. त्या भिंतीला टेकूनच गॅसची पाइपलाइन जाते. काकांनीही तो आवाज ऐकला.

"पणती बंद करू काय?" त्यांनी अखेर विचारलं. "मग वाचात?"

"तुमचं झाड राहणारच आहे, काका. मोठं आहे ते."

त्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. सूचना त्यांनी चष्म्याशिवाय, दुसऱ्याकडून ऐकली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीच्या जाळीवर, जिथे श्रीखंडाचा डबा अजून तसाच होता. "आणि तुझा?"

मी मान हलवली. ते उठले आणि पलंगाच्या चादरीवर त्यांच्या बसण्याने पडलेली घडी हाताने सारखी केली. मग गेले.

रोप काढून दुसरीकडे लावता येईल, हे मला सगळ्यांनी सुचवलं. चौथ्या मजल्यावरच्या जोडप्याने सोनचाफा बादलीत काढून घेतला होता. मी आदल्या दिवशी खुरपं घेऊन गेले. साडीचा तुकडा सोडला, भोवतालची माती उकरली. रातांब्याचं सोटमूळ सरळ खाली जातं. वर एवढंसं रोप, पण मूळ दोन दगडांच्या फटीतून पार खाली उतरलं होतं. ओढलं तर तुटणार हे दिसत होतं. आणि ते जिथे उतरलं होतं तिथे काय आहे, हे मला ठाऊक होतं. ते मीच तिथे घातलं होतं, माझ्या हातांनी. मग माती परत लोटली, वरून थापली आणि तांब्यातलं पाणी घातलं. उद्या जळायचं असलेल्या झाडाला पाणी घालण्यात काय अर्थ होता, मला सांगता येणार नाही. ताईने सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला असताना वनखात्याची माणसं आली. गवत आधीच्या दोन दिवसांत कापून वाळत टाकलेलं होतं. सोसायटीतले आम्ही बरेच जण भिंतीच्या आतल्या बाजूला दारापाशी उभे होतो. नकाशा मी काढला हे तिथल्या वनरक्षकाला माहीत होतं आणि रोप कुणाचं हेही त्याला कुणीतरी सांगितलेलं दिसलं. तो माझ्याकडे आला. तरुण होता, बोलायला मऊ.

"मॅडम, तुमचं एक सोडतो ना. भोवतीने माती ओढतो, झळ लागणार नाही जास्त. एकाने काय होतंय?"

चौथ्या मजल्यावरची मुलीची आई माझ्या शेजारीच होती. तिच्या पायाशी बादली. चाफ्याने मान टाकली होती. त्याचं मूळ तुटलं होतं हे आता दिसत होतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. पलीकडे आणखी दोन घरची माणसं होती, त्यांची रोपंही त्या पट्ट्यात होती. आणि मी स्वतः वर्गात इतकी वर्षं शिकवत आले होते की जाळरेषेत मध्ये जागा सोडली की आग नेमकी तिथून पलीकडे येते.

"नको," मी म्हटलं. "सरळ जाऊ दे."

त्याने काडी लावली. वाळल्या गवताला पेटायला वेळ लागत नाही. माणसं दोन्ही बाजूंनी हिरव्या फांद्यांच्या झोडण्या घेऊन चालत होती. ज्वाळा बाहेर जाऊ लागली की तिला दाबत, परत आत घेत. जाळ फारसा उंच नव्हता. तो भिंतीच्या कडेने सावकाश पुढे गेला, जसं कुणी झाडत झाडत जातं. रातांब्यापाशी आला तेव्हा थोडा अडखळला, ओलं होतं म्हणून. सूं असा आवाज आला. मग पानं आक्रसली.

ताईला अग्नी मीच दिला होता. तेव्हा लोक सांगत होते तसं सगळं केलं, आणि तोंड फिरवलं होतं, कारण तसं फिरवायचं असतं. या वेळी कुणी काही सांगणारं नव्हतं. मी शेवटपर्यंत बघितलं.

काका माझ्या मागे उभे होते. "माझ्या झिलाचा रवला," ते म्हणाले. "तुझ्या बहिणीचा..." आणि थांबले. त्यांच्या शर्टाच्या खिशात पणती होती. तिच्या काठाने खिसा तेलकट झाला होता. ती त्यांनी पुन्हा भिंतीमागे लावली नाही. आता ती त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असते, आणि कडुनिंब तिथून पूर्ण दिसत नाही, नुसता शेंडा दिसतो, असं त्यांनी मला एकदा सांगितलं, तक्रार नसल्यासारखं.

काही दिवसांनी उपग्रह आमच्यावरून गेला. आकाश निरभ्र होतं, त्यामुळे चित्र चांगलं आलं. मी वर्गावरून परत आले तेव्हा सहकारी आधीच पडद्यापुढे बसली होती. तिने माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि चित्र मोठं करत करत आमच्या इमारतीवर आणलं. इमारतीच्या मागे एक काळी रेघ होती. एका ठिपक्याएवढी रुंद, काही ठिकाणी तेवढीही नाही. आजूबाजूच्या पिवळ्यात ती स्पष्ट उठून दिसत होती. एवढ्या वर्षांत त्या जागेवर मला वेगळं असं काहीच कधी दिसलं नव्हतं. भिंत, गवत, झाडं, पायवाट, सगळं एका रंगात मिसळलेलं असायचं.

"कुठे होतं?" तिने विचारलं.

मी रेघेवर बोट ठेवलं. दारापासून थोडं डावीकडे. हा ठिपका, किंवा याच्या शेजारचा.

"दिसतंय की," ती म्हणाली. मग उठून चहा सांगायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

तो उन्हाळा तसाच गेला. डोंगरावर दोन-तीनदा धूर दिसला, पण आमच्या बाजूला आग आलीच नाही. सोसायटीच्या सभेत एक जण म्हणाले, "बघा, उगाच केलं सगळं." आग आली असती आणि रेषेपाशी थांबली असती तर सांगता आलं असतं. न आलेल्या आगीचं चित्र कुठलाही उपग्रह काढत नाही. नव्या नकाशात आमच्या मागची पट्टी लालवरून पिवळ्यावर आली. एवढंच माझ्याकडे होतं आणि ते मी सभेत दाखवलं नाही.

पावसाळ्यात काळी रेघ पुसली गेली. गवत परत आलं, पूर्वीपेक्षा जोमाने, कारण राखेवर गवत चांगलं येतं. आता दर माघात ते काढावं लागतं आणि वनखात्याच्या माणसांची वाट बघण्यापेक्षा आधीचं कापणं आपणच करावं, असं सोसायटीत ठरलं आहे. तिथे विळा लावायचा नाही हा नियम कुणी मोडला असं कुणी म्हणत नाही. तो नुसता मागे पडला. चौथ्या मजल्यावरची मुलीची आई येते, काका उंबऱ्यावर बसून सूचना देतात. "अगो, मुळाकडसून धर. केस ओढल्यासारखा नको."

दाराच्या डाव्या बाजूचा भाग मी कापते. रातांब्याचा खुंट जमिनीबरोबर काळा उरला आहे, बोटाएवढा. त्याच्याभोवती आले की मी विळा बाजूला ठेवते आणि हाताने गवत दूर करून आधी बघते. कधी कधी असं जळालेलं झाड खालून फुटतं, मूळ खोल असेल तर. रातांब्याची कोवळी पानं तांबडी असतात, त्यामुळे वाळक्या गवतातही लगेच दिसायला हवीत. मी सावकाश बघते, सगळीकडून. अजून काही दिसलेलं नाही. मग विळा घेते आणि तिथलंही गवत कापते, रेषेत जागा सुटू नये म्हणून.